लावणी, लेप्टोची गोळी आणि गावचा दवाखाना

पाणंद | ९ जून, २१:३५

नमस्कार मंडळी,

मुंबईतला गाशा गुंडाळून आता कुडाळ तालुक्यात, गावच्या घरी राहतेय. आई-बाबा दोघंही सत्तरी ओलांडलेले. आई ऐकते. बाबा मात्र अजून लावणीला स्वतः कुणग्यात उतरतात, आणि 'पॉवर टिलरवाल्याक काय कळता' म्हणत त्याच्या मागून चिखलात फिरतात. पायांना चिखल्या पडलेल्या असतातच.

परवा आशाताई (गावच्या आरोग्य स्वयंसेविका) आल्या होत्या. लावणीला कोण कोण उतरणार ते विचारून वहीत नावं लिहिली आणि डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देऊन गेल्या. आठवड्यातून एकदा, जेवल्यावर, १०० मिलिग्रॅमच्या दोन. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून. बाबांनी गोळ्या घेतल्या, आशाताईंना चहा पाजला आणि त्यांची पाठ वळल्यावर पाकीट फडताळात टाकलं. 'माका काय झाला हा? ताप येवक नाय तर गोळी कित्याक खाव?'

तुमच्या घरी ही गोळी घेतात का? आणि एकूणच पावसाळ्यात गावाकडे आजारपण आलं तर सरकारी दवाखान्यावर कितपत भिस्त ठेवता? मला इथली घडी अजून नीट कळलेली नाही. कोण काय करतं, कुठे आधी जायचं, काही अंदाज येत नाही.

तिरफळ | ९ जून, २१:५२

बापूस गोळयेक भियता, चिखलाक नाय. अस्सल मालवणी माणूस. बाबांना माझा नमस्कार सांगा.

मृद्गंध | ९ जून, २२:१०

आमच्याकडे (देवगड) आत्या घेते, काका घेत नाहीत. काका म्हणतात आम्ही जन्मभर चिखलात, आम्हाला काय होतंय. आत्या म्हणते तुमच्याबरोबर जन्मभर चिखलात होते ते दोघं आता कुठे आहेत विचारा.

एक_शंका | ९ जून, २२:४१

माझं मत लोकांना आवडणार नाही, तरी लिहितो. आजार नसताना गावच्या गाव अँटिबायोटिक वाटत सुटणं मला पटत नाही. उद्या खरंच गरज पडेल तेव्हा औषध लागू पडणार नाही. शहरात डॉक्टरने सर्दीला अँटिबायोटिक दिलं की आपण त्याला शिव्या घालतो, आणि इथे सरकार घरपोच देतंय तर टाळ्या? त्यापेक्षा उंदीर मारा, गमबूट वाटा.

तिरफळ | ९ जून, २२:४८

गमबूट घालून एकदा लावणी करून बघा हो. पाय वर येतो, बूट खालीच राहतो. मग बुटाची लावणी.

स्टेथो | १० जून, ०७:२०

डॉक्टर आहे, बाँडची (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेची) वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलीत. इथे कुणाला औषध लिहून देत नाही, फक्त माहिती देतो.

लेप्टोचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम ठोकतात आणि मूत्रातून बाहेर पडतात. उंदराला त्याचं काही नसतं. गुरं, कुत्री, डुकरं यांच्याही मूत्रातून येतात. साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत हे जंतू बरेच दिवस तग धरतात आणि माणसाच्या अंगात शिरतात ते जखमेतून, भेगांतून, डोळ्यांतून. म्हणजे चिखल्या पडलेले पाय ही त्यांच्यासाठी उघडी कवाडंच. लागण झाल्यापासून साधारण ५ ते १४ दिवसांत ताप येतो, पण महिनाभरही लागू शकतो.

गोळीचं म्हणाल तर आठवड्याला २०० मिलिग्रॅम हा डोस कुणाच्या मनात आलं म्हणून ठरलेला नाही. पनामाच्या जंगलात सरावाला गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष १९८४ साली छापून आले. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत २० जणांना लेप्टो झाला, डॉक्सी घेतलेल्यांत एकाला. पुढे आपल्या अंदमानातही चाचणी झाली. तिथे असं दिसलं की संसर्ग काही थांबत नाही, पण आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण घटतं. म्हणून 'गोळी घेतली, आता लेप्टो होणारच नाही' असं कुणी समजू नये.

एक_शंका, तुमचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच ही गोळी सगळ्या गावाला, बारा महिने द्यायची नसते. जो चिखलात उतरणार त्याला, उतरायच्या आठवड्यांपुरती. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालची मुलं यांना डॉक्सी देत नाहीत. आशाताईंनी 'कोण उतरणार' विचारून नावं लिहिली, तेच बरोबर केलं.

एक_शंका | १० जून, ०९:०५

डॉक्टर, सविस्तर उत्तराबद्दल आभार. कागदावर ठीक आहे. पण पाकीट उघड्यावर ठेवलं आणि घरातल्या पोराने खाल्लं तर? किंवा सर्दी झाली म्हणून तीच गोळी मारली तर? ते कोण बघतं?

उंबरठा | १० जून, १०:३०

कोण बघतं ते सांगतो. माझी आई बघते. ती आशा आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगरातल्या वाड्यांवर.

हजार लोकसंख्येमागे एक आशा हा हिशोब कागदावरचा. आमच्याकडे हजार माणसं म्हणजे पाच वाड्या, मधे दोन ओढे आणि एक चढ. आई सकाळी निघते तेव्हा वही आधी दुधाच्या पिशवीत, मग ती मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग पर्समध्ये. छत्रीचा उपयोग वाऱ्यात काही नाही, ती इरलं घेते, लोक हसतात. मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरायची असते आणि रेंज वरच्या वाडीच्या देवळाशी. तर देवळाशी बसून भरायची.

गोळी घरात देऊन काही होत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. घरात माणूस 'खातंय' म्हणतो. म्हणून ती लावणीच्या मळ्यावर जाते, बरोबर न्याहारीच्या वेळी. सगळे मेरेवर बसलेले, भाकरी पोटात गेलेली, पाण्याची कळशी समोर. तिथे एकेकाच्या हातावर गोळ्या ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही. चारचौघांत कोणी नाही म्हणत नाही. उरलेल्या गोळ्या परत घेऊन येते. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

या कामाचा पगार नाही, मोबदला आहे. अमुक काम केलं की अमुक रुपये. तोही वेळेवर येत नाही. २०२३-२४ मध्ये आशांनी संप केला तेव्हा गावातल्याच माणसांनी 'ह्यांका काय कमी आसा' म्हटलेलं मी कानाने ऐकलंय. असो. विषय निघाला म्हणून लिहिलं.

मृद्गंध | १० जून, १०:४४

उंबरठा, आईंना नमस्कार. प्रतिसाद फार आवडला.

तिरफळ | १० जून, ११:०२

+१. आणि 'चारचौघांत कोणी नाही म्हणत नाही' हे पाणंदताईंनी लिहून ठेवा. बाबांवर हाच उपाय.

सुंठगूळ | १० जून, १३:१५

मी वैद्य. मला वाटलं होतं आत्तापर्यंत कोणीतरी काढा सुचवेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: काढ्याने लेप्टो टळत नाही आणि बराही होत नाही. माझ्याकडे पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्या दुखतायत म्हणत आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा रक्त तपासायला पाठवतो.

पण ऋतुचर्येला म्हणून अर्थ आहेच. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, वात वाढतो, म्हणून हलकं, गरम, ताजं खायचं. जुने तांदूळ, मूग, सुंठ, लसूण, उकळून कोमट केलेलं पाणी. दिवसा झोपायचं नाही. नदीचं पाणी प्यायचं नाही हेही ऋतुचर्येत स्पष्ट सांगितलंय, जंतू कुणी पाहिले नव्हते तेव्हा. कोकणात उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी चालत आलीय ती याच हवेला धरून. आषाढात तळण तळण म्हणतात त्यावर मी गप्प बसतो, मलाही आवडतं.

अनामिका७ | १० जून, १३:४०

पेजेबरोबर सुकटीची चटणी चालेल का वैद्यबुवा? पाऊस सुरू झाला की मासे बंद, तेवढाच आधार.

सुंठगूळ | १० जून, १३:५८

बीपी नसेल तर चालवा. असेल तर वास घ्या.

वऱ्हाडी_ठेचा | १० जून, १६:२०

तुमच्याकडं लेप्टो, तं आमच्याकडं स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडं लय गाजला होता. वाढलेल्या गवतात बारीक किडा राहाते, चिगर म्हंतेत, दिसतई नाही. माह्या काकाले वावरातून आल्यावर ताप. सगळ्यायनं मलेरिया समजला, टायफॉइड समजला, दोन खाजगी डॉक्टर झाले, सलाईनी झाल्या. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका पोरसवदा डॉक्टरनं शर्ट काढाले लावला न काखेत पाह्यलं. तिथं काळी खपली. सिगारेटचा चटका बसल्यावानी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून काकाले पत्ताच नाही. गोळ्या सुरू केल्या, ताप उतरला. आणि गोळी कोणती? हेच, डॉक्सी!

तवापासून आमच्याकडं ताप आला का पह्यले आंग तपासतेत. बनियन काढून. बायकाईचं कठीण जाते, पण सिस्टर पाहातेत.

स्टेथो | १० जून, १६:५०

वऱ्हाडी_ठेचा, उत्तम लिहिलंत. त्या खपलीला एस्कार म्हणतात. काख, जांघ, कमरेचा पट्टा, छातीखाली, अशा झाकल्या जागी असते. ताप आलेल्या माणसाचे कपडे काढून बघायला दोन मिनिटं लागतात, पण ओपीडीत शंभर माणसं रांगेत असली की तीच दोन मिनिटं नसतात.

केसपेपर | १० जून, १९:३०

निवृत्त आरोग्य सहाय्यक, सगळी नोकरी सिंधुदुर्गात गेली. पाणंदताईंनी घडी विचारली आहे ती कोणी सांगितलीच नाही, म्हणून लिहितो.

सगळ्यात खाली उपकेंद्र. डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक, सपाटीवर ५,००० मागे. तिथे नर्सबाई, आरोग्यसेवक, आणि आता बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही. बीपी-शुगर, तापाचं रक्त, लसीकरण, साध्या गोळ्या तिथेच होतात. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, २०,००० ते ३०,००० लोकांना. तिथे एमबीबीएस डॉक्टर. त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं निःशुल्क आहे. हे गावात अजून पुष्कळांना माहीत नाही, सुटे पैसे घेऊन येतात.

भिस्त ठेवायची की नाही याचं उत्तर एका वाक्यात नाही. ताप, जुलाब, कुत्रा चावणं, साप, बाळंतपण, टीबी, लसी: आधी सरकारी. कारण या गोष्टींची औषधं तिथे असतात, हात बसलेला असतो आणि तुमच्या तापाची नोंद होते. नोंद झाली की दुसऱ्या दिवशी आमचा माणूस वाडीत येऊन आणखी कोणाला ताप आहे का बघतो. खाजगीत सलाईन लावून घरी गेलात तर वाडीतला दुसरा तापकरी आम्हाला कळतो तो गंभीर झाल्यावर. उलट सोनोग्राफी, हाडं, डोळे, हृदय यासाठी तालुक्याला तज्ज्ञ असेलच असं नाही, जागा रिकाम्या असतात. निघण्याआधी फोन करून विचारावं.

ओपीडीच्या वेळेत जा. सहानंतर गेलात तर सिस्टर असतील, डॉक्टर क्वार्टरवर असतील तर येतील. नसतील तर नाहीत. यावर मी पांघरूण घालणार नाही.

मांडवीकाठ | १० जून, २०:१५

आणि गंभीर झालं की बांबोळी. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याची कितीतरी माणसं आमच्या गोवा मेडिकल कॉलेजात दिसतात. लिफ्टमध्ये मालवणी कानावर पडली नाही असा दिवस नाही. आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, तरी पाय सवयीने पत्रादेवीकडे, गोव्याच्या नाक्याकडे वळतात.

एक_शंका | १० जून, २०:४०

केसपेपर, नोंदीचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

पण एक सांगा, डेंग्यूचा पेशंट सापडला की दोन दिवसांनी धुरळणीची गाडी येते, सरपंच पुढे उभा राहून फोटो काढतो, सगळ्यांच्या घरात धूर, आणि संध्याकाळी डास परत. हा काय प्रकार आहे?

केसपेपर | १० जून, २१:२५

हा प्रकार म्हणजे जनतेची मागणी! धूर दिसला की आरोग्य खातं काम करतंय असं वाटतं. धुराने मरतो तो त्या घटकेला उडत असलेला डास. अंडी, अळ्या तशाच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा म्हणून आम्ही घसा फोडतो. पाणी ओता, भांडं घासा, पालथं घाला. घासणं महत्त्वाचं, अंडी कडेला चिकटलेली असतात. नुसतं ओतून नवीन पाणी भरलं तर तीच अंडी फुटतात.

कंटेनर सर्व्हेला गेलो की लोक गटार दाखवायचे. डेंग्यूचा डास गटारात नाही, स्वच्छ पाण्यात. मला अळ्या कुठे सापडायच्या ते सांगतो: फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत, सोललेल्या नारळाच्या करवंटीत, पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या खोलगट देठात, लाकडं झाकलेल्या निळ्या ताडपत्रीच्या घडीत. दोडामार्गकडे रबराच्या झाडांना बांधलेल्या वाट्यांत. चीक काढायचं काम पावसात थांबलं की वाट्या भरतात आणि कोणी उलट्या करत नाही. एकदा एका मास्तरांच्या घरी काहीच सापडेना. निघताना सहज दारातला जुना हेल्मेट उचलला. मास्तर स्वतःच हसायला लागले.

तिरफळ | १० जून, २१:३३

हेल्मेटचा एवढा उपयोग तरी झाला कोकणात.

दूरदेशी | ११ जून, ०३:१०

न्यू जर्सीहून वाचतेय. इथे औषधाच्या दुकानात फ्लूची लस चालता चालता मिळते, पण साध्या तापाला डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत ताप उतरलेला असतो. कोणी दारात येऊन गोळी देणं तर सोडाच. माझे सासू-सासरे चिपळूणला आहेत. त्यांनी फ्लूची लस घ्यावी का, आणि कधी? इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात घेतो.

स्टेथो | ११ जून, ०७:४५

महाराष्ट्रात फ्लू मुख्यतः पावसाळ्यात वर येतो, थंडीत पुन्हा थोडा. तुमच्याकडच्या वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबरात घेतली तर इथला मोठा हंगाम निघून गेलेला असतो. ज्येष्ठांनी, दमा-मधुमेहवाल्यांनी पावसाआधी, एप्रिल-मेच्या सुमाराला घेतलेली बरी. अजून उशीर झालेला नाही, त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

रानवाट | ११ जून, ०९:३०

सापावर कोणीच बोललं नाही? पावसाळा म्हटला की मला आधी तेच आठवतं.

आमच्या शेजारचा मुलगा कुंपणाचे चिरे हलवत होता. फुरसं. एवढंसं, वीतभर जास्त. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरशी काय कमी नाहीत. चावलेलं बोट थोडं सुजलं, बाकी मुलगा बोलतोय, चालतोय. घरातले म्हणाले काही झालं नाही, दोरी बांधू, उतारा करू. सुदैवाने त्याच्या आजीने आरडाओरडा केला आणि रिक्षातून आरोग्य केंद्रात नेलं. तिथे सिस्टरने काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेतलं आणि नळी न हलवता वीस मिनिटं उभी करून ठेवली. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत. वीस मिनिटांनी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. तेव्हा आमचे चेहरे उतरले. लगेच सलाईनमधून प्रतिविष सुरू केलं आणि मग १०८ बोलावून पुढे पाठवलं. वाचला.

त्या चाचणीला ना मशीन लागतं ना लॅब. पण ती करायची कधी हे माहीत असलेलं माणूस त्या वेळी तिथे असावं लागतं.

स्टेथो | ११ जून, १०:१०

अगदी. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून घेऊन यायची गरज नाही. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, हातपाय हलू देऊ नका, करकचून बांधू नका, चिरू नका, आणि निघा.

विंचवाचंही सांगतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसं का मरतात याचा त्यांनी पिच्छा पुरवला आणि प्राझोसिन नावाची बीपीची साधी गोळी त्यावर लागू पडते हे दाखवून दिलं. लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. संशोधन मोठ्या शहरातच होतं असं मानणाऱ्या माझ्या सगळ्या ज्युनिअरांना मी हे ऐकवतो.

मृद्गंध | ११ जून, १०:३५

आणि माकडताप? तो पावसाळ्यातला नाही ना?

केसपेपर | ११ जून, ११:२०

नाही, त्याचा हंगाम उलटा. डिसेंबर-जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत. २०१६ पासून दोडामार्ग आणि मग बांदा भागात आला. गोचिडीमुळे होतो, माकडं मरून पडली की सावध व्हायचं. ऐन काजूच्या दिवसांत बागेत पाचोळ्यावर बसून जेवणारी माणसं सापडायची. 'काजी पडान जातत' म्हणून ताप अंगावर काढायचे. त्यावर वेगळा धागा काढा, लिहीन.

अनामिका७ | ११ जून, १२:०५

जरा पाण्याविषयी. आमच्या सार्वजनिक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं की घरात रोज भांडण. सासरे म्हणतात चहा नासला. मग ते शेजाऱ्यांच्या खाजगी विहिरीचं पाणी आणतात, ज्यात कोणीच काही टाकत नाही.

केसपेपर | ११ जून, १२:४०

तो वास आला म्हणजे समजा पाणी सुरक्षित. ओटी टेस्टला (क्लोरीन तपासायचे थेंब टाकल्यावर) पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. मात्र बरेचदा होतं असं की जलसुरक्षक एक दिवस विसरतो, दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकतो. त्याला आधी प्रेमाने बोला. ग्रामपंचायतीला पाण्याचं कार्ड मिळतं, हिरवं, पिवळं की लाल ते जाऊन बघा. लाल असेल तर ग्रामसभेत आवाज करा. चहाचं पाणी माठात रात्रभर उघडं (फडकं बांधून) ठेवा, वास कमी होतो. शेजाऱ्यांचं आणायचंच असेल तर उकळून.

आणि जुलाब लागले तर ओआरएस. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, डाव नव्हे! मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४.

तिरफळ | ११ जून, १२:५२

धाग्याक इतके फाटे फुटले की आता सापच निघतलो. पाणंदताई, बाबांनी गोळी घेतली काय?

पाणंद | १६ जून, २०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. लावणीच्या गडबडीत लिहायचं राहिलं.

उंबरठा यांच्या आईंची युक्ती मी आमच्या आशाताईंना सांगितली. त्या म्हणाल्या, 'ताई, आम्ही तेच करतो, पण तुमच्या बाबांकडे घरी येऊन देतो, मान ठेवायचा म्हणून.' मग रविवारी त्या मळ्यावरच आल्या. अकरा बाया आणि टिलरवाला मेरेवर बसलेले, भाकरी खाऊन झालेली. सगळ्यांनी गोळ्या घेतल्या. टिलरवाल्याने घेतल्यावर बाबांना न घेऊन चालणारच नव्हतं.

आता नवी तक्रार: रात्री छातीत जळजळ झाली म्हणे. 'बघ, गोळयेन केला.' स्टेथो, हे होतं का? त्यांना सकाळी कॅल्शियमची गोळीही असते, आणि पित्ताचं पातळ औषध अधूनमधून.

स्टेथो | १६ जून, २१:०५

होतं. डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत रेंगाळून जळजळ करते. मेरेवर घेऊन लगेच घरी जाऊन ताणून दिली असेल तर हेच होणार. कॅल्शियम, लोह, पित्ताचं औषध आणि दूध यांच्याबरोबर डॉक्सी अंगात नीट शोषली जात नाही, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. त्या दिवशी कॅल्शियम रात्री द्या. बाकीची औषधं कोणती चालू आहेत तेही एकदा आरोग्य केंद्रात दाखवून ठेवा. जळजळ चालू राहिली तर पुढची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

पाणंद | १६ जून, २१:३०

ताणून दिली होती. बरोबर ओळखलंत.

एक_शंका | १६ जून, २१:५०

माझी मूळ शंका अजून पूर्ण फिटलेली नाही. पण अशी समोर उभं राहून, मोजून, उरलेल्या परत नेऊन देत असतील तर माझी हरकत नाही. हे सगळीकडे असंच होतं का, एवढंच विचारतो.

उंबरठा | १६ जून, २२:१५

नाही होत. आईला बरं नसलं की त्या पाच वाड्यांत त्या आठवड्यात कोणीच जात नाही.

स्टेथो | १७ जून, ०७:१०

हे गोळी घेणाऱ्यांसाठीही आणि न घेणाऱ्यांसाठीही: लावणीनंतरच्या महिनाभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्या पिळवटल्यासारख्या दुखणं, डोळे लाल होणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि 'मी चिखलात काम केलंय' हे आधी सांगा. कोणी विचारायची वाट बघू नका. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर १०८. स्वतःहून ब्रुफेन, ॲस्पिरिन घेऊ नका, तो डेंग्यूही असू शकतो. पॅरासिटामॉल चालेल.

कातळशिल्प | १७ जून, ०८:२५

आजच धागा पाहिला, वाचनखूण साठवली. राजापूरला आई लावणीला उतरतेय, आमच्या वाडीत कोणी गोळ्या घेऊन आलेलं नाही. दुकानातून आणाव्यात का?

केसपेपर | १७ जून, ०९:००

दुकानातून नको. उपकेंद्रात जाऊन नर्सबाईंना सांगा, वाडीचं नाव आणि उतरणाऱ्या माणसांची संख्या द्या. साठा नसेल तर त्या आरोग्य केंद्रातून मागवतील. मंगळवार-बुधवारी लसीकरणात असतात, दुपारनंतर भेटतील. भेटल्या नाहीत तर दारावर नंबर लिहिलेला असतो, फोन करा.

कातळशिल्प | १७ जून, ०९:१२

नंबर पावसाने पुसलाय. आरोग्य केंद्रात जातो.